महबूबचा ढग

आमच्या शेजारचा महबूब फोटो काढतो, पण माणसांचे न्हाई. माझ्या पुतण्याच्या, खंडूच्या, साखरपुड्याला मी त्याला मानानं म्हणलं, "महबूब, एवढा भारी क्यामेरा हाय तुझ्याकडं, पोराचे चार फोटो काढ की." तर म्हणतो, "काकू, ह्यो क्यामेरा नळीला बसवावा लागतो. नळीतनं खंडू नीट दिसायला खंडूला लई लांब उभा करावा लागंल." मी विचारलं, "किती लांब?" त्यानं जरा विचार केला आन् म्हणला, "दौंडच्या स्टेशनावर." साखरपुडा कुरकुंभला आन् नवरदेव दौंडच्या स्टेशनावर! मी दोन-चार दिवस त्याच्याशी बोलले न्हाई. ते त्याला कळलं का न्हाई, मला अजून ठाऊक न्हाई.

मी सिंधूबाई. माहेर वडगाव रासाई, शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठाचं. दिल्या घरी कुरकुंभला आले. मालक जाऊन बरीच वर्सं झाली. पोरगा ईश्वर पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, "आई, एकटी नको राहू, हिकडं ये." मी म्हणते, "येते की, पण गाय तुझ्या फ्ल्याटात कुठं बांधायची तेवढं सांग." मंग त्यो विषय बदलतो आन् जेवलीस का म्हणून विचारतो.

आमची वस्ती गावाच्या कडंला हाय. एका अंगाला कंपन्या, एका अंगाला सोलापूर रोड, मागं ऊस. कंपन्यांचे दिवे रातभर जळतात, रोडच्या ढाब्यांचे रंगीत दिवे येगळेच. हितं अंधार असा पडतच न्हाई. आभाळ सदा भाजलेल्या पापडावाणी पिवळट. असल्या जागी आभाळाचे फोटो काढणारा माणूस घर बांधतो, तवा त्याच्या डोक्याचं आपण काय बोलायचं?

महबूब मूळचा कासुर्डीचा. बाप यवतच्या बाजारात बांगड्या भरायचा. पोरगं शिकलं, आन् हितल्या एका औषधाच्या कंपनीत ऑपरेटर झालं. शिफ्टची ड्युटी. आमच्या भावकीतल्याकडनं त्यानं दोन गुंठं घेतलं, दोन खोल्या बांधल्या, आसमीनला आणली. आसमीन शिवणकाम करते, माझी पोलकी तीच शिवते. बाहीला एकदा पण चुकली न्हाई, हे तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

घराच्या मागं अंगणात त्यानं आधी सिमेंटचा खांब उभा केला. मला वाटलं तुळस लावतोय का काय, मंग आठवलं ह्याच्याकडं तुळस कशाला? त्या खांबावर मोटार बसवली, मोटारीवर पांढरी नळी, नळीच्या बुडाला क्यामेरा. आभाळ सरकंल तशी ती मोटार नळीला सरकवते. मी विचारलं, "कशाचा फोटो काढतोस रे?" म्हणला, "ढगाचा काढतो, काकू." मी म्हणलं, बरं. दिवसा कंपनी, रात्री हवामान खातं. माणसाला काय ना काय नाद असतोच.

आता माझ्या बल्बाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरनंच झालं. बिबट्यानं माझं कुत्रं नेलं, साखळीसकट. माहेरी माझ्या भावाची कालवड नेली, ती तर दारातनं. उसाच्या मुलखात ह्यो पाव्हणा आता कायमचाच झालाय. तवा मी गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, हॅलोजन लावला, जुना, पिवळा, मोठा. माझ्याकडं एकच गाय, हौशी. जर्सी न्हाई, देशी न्हाई, मधलंच कायतरी, पण स्वभावानं गरीब. ती गाभण व्हती. दिवस मावळला की बल्ब लावायचा आन् उजाडलं की बंद करायचा. तरच मला डोळा लागायचा.

दिवाळीला महबूबनं मला एलईडीचा पांढरा बल्ब आणून दिला. "काकू, ह्यो गोठ्यात लावा, बिल कमी येतं." एवढा चांगला बल्ब गोठ्यात कोण लावतं? मी देवघरात लावला. देव असे उजळले म्हणता! मुद्दाम त्याला बोलवून दाखवलं. त्यानं देवांकडं बघितलं, बल्बाकडं बघितलं, म्हणला, "छान दिसतंय, काकू," आन् मान खाली घालून गेला. मला वाटलं पोरगं लाजलं.

त्याच्यामागनं थोड्याच दिवसांत त्यानं माझ्या गोठ्याच्या आन् त्याच्या अंगणाच्या मधी बांबू रोवले आन् काळी ताडपत्री ताणून बांधली. पुरुषापेक्षा उंच. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाऊ-भाऊ वाटणी झाल्यावर भिंत घालतात, ते मी समजू शकते. हितं वाटणी न्हाई, भांडण न्हाई, आन् ह्यो पडदा? मी तशीच तरातरा गेले. "काय रे, माझं तोंड बघवत न्हाई व्हय तुला?"

"तसं न्हाई, काकू. नळीला वारं लागतं."

वारं मावळतीकडनं आन् पडदा उगवतीला! जन्म रानात गेला माझा, आन् ह्यो मला वारं शिकवतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी आसमीन दुधाचं भांडं घेऊन आली, तवा म्हणलं, "आजपासनं दूध न्हाई."

"का काकू?"

"दुधाला वारं लागतं."

ती भांडं तसंच घेऊन गेली. हौशीचं दूध तसं बी आटत आलं व्हतं, पण ते काय मी तिला सांगितलं न्हाई.

आमच्या पलीकडं भिमाजी आप्पाचं रान हाय. आप्पा म्हातारा, पण तोंड अजून तरणं. मार्गशीर्षात त्याचा कांदा काढून रानात पडला व्हता, वाळायला. एक दिवस मी पडद्याच्या अलीकडं शेण भरत व्हते आन् पलीकडं महबूब फोनवर कुणाशी तरी बोलत व्हता. मी मुद्दाम ऐकलं न्हाई. ताडपत्रीतनं आवाज येतो त्याला मी काय करू? म्हणत व्हता, "शनिवारी ढग बरोबर डोक्यावर येतोय, जेवणाच्या वेळेला. मोठा हाय. ह्या वेळी सोडायचा न्हाई."

मी पाटी तिथंच टाकली आन् आप्पाच्या रानात गेले. महबूबशी माझं बोलणं बंद, पण कांद्यानं काय केलंय? आप्पाला म्हणलं, "शनिवारी पाऊस येतोय. महबूबच्या मशिनीत दिसलंय. मोठा ढग हाय."

आप्पानं आभाळाकडं बघितलं. आभाळात काय न्हवतं. पण मशीन म्हणलं की माणूस गप बसतो. आप्पानं सगळ्या भावकीच्या ताडपत्र्या गोळा केल्या, घरातल्या बायका-माणसं लावून कांदा गोळा केला, ढीग घातले, झाकले, कडंनं दगड ठेवले. शनिवार गेला, रविवार गेला. कडक ऊन पडलं. ताडपत्रीखाली कांद्याला घाम फुटला आन् वस्तीभर वास सुटला.

सोमवारी सकाळी आप्पा दोन्ही हातांत एकेक घामेजलेला कांदा धरून महबूबच्या दारात उभा. मी मागं. आपलाच निरोप, तवा जाणं भाग व्हतं. महबूब नुकताच उठून च्या पीत बसला व्हता.

आप्पा म्हणला, "कुठंय ढग?"

महबूबचं तोंड असं फुललं, जसं कुणी त्याच्या पोराची चौकशी केली. "मिळाला की, आप्पा! शनिवारी मिळाला, रविवारी पण मिळाला. आभाळ काय स्वच्छ व्हतं!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कांद्याकडं बघितलं.

मंग महबूबनं ल्यापटॉप बाहेर आणला आन् आम्हाला ओट्यावर बसवलं. म्हणला, ह्यो ढग पावसाचा न्हाई. कृत्तिकांचा झुबका असतो ना, त्याच्या वरच्या अंगाला, चांदण्यांच्या मधी, लांबडा तांबडा ढग हाय. शाळेच्या पुस्तकात त्याला तेजोमेघ म्हणतात. पण तेजोमेघ म्हणलं की आसमीन हसते, म्हणून त्यो नुस्ता ढग म्हणतो. डोळ्याला दिसत न्हाई, लई फिका हाय. त्यानं आम्हाला एक फोटो दाखवला. करडं पान, वर पांढरे ठिपके.

आप्पा म्हणला, "ह्यात कुठंय?"

"अजून दिसत न्हाई, आप्पा. असे लई फोटो काढायचे, एकावर एक ठेवायचे, तवा हळूहळू उमटतो."

आप्पानं बराच वेळ त्या करड्या पानाकडं बघितलं. "मंग ह्याचा उपेग काय?"

महबूबनं मनापासनं विचार केला. म्हणला, "काय न्हाई."

त्या उत्तरानं आप्पा गार झाला. थापा मारल्या असत्या तर त्यानं दोन्ही कांदे फेकून मारले असते, मला खात्री हाय. त्यो कांदे ओट्यावर ठेवून उठला आन् जाता जाता मला म्हणला, "सिंधे, इथून पुढं तू मला हवामान सांगू नको."

त्यो राग मी कुणावर काढायचा? महबूबवरच. म्हणलं, "ह्या न दिसणाऱ्या ढगासाठी माझ्या दारात पडदा बांधलास व्हय रं?"

तवर आतनं आसमीन आली, हातात सुई-दोरा तसाच. म्हणली, "काकू, पडदा तुम्हाला न्हाई, तुमच्या बल्बाला हाय." महबूब तिच्यावर त्यांच्या घरच्या भाषेत कायतरी खेकसला. ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं खेकसली. मंग त्यानं खरं काय ते सांगितलं.

त्या क्यामेऱ्याच्या आत एक चाळणी असते, काचेची, टिकलीएवढी. ढगाचा जो तांबडा उजेड, तेवढाच तिच्यातनं जातो. कंपन्यांचे दिवे, ढाब्यांचे दिवे, रोडचे दिवे, बहुतेक सगळे बाहेर अडतात. पण हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात त्यो तांबडा बी भरपूर असतो, आन् माझा बल्ब त्याच्या नळीपासनं हाकेवर सुद्धा न्हाई, नुस्त्या कुजबुजीवर. पडद्यावरनं उडी मारून त्यो आंब्याच्या झाडावर पडायचा आन् तिथनं नळीत.

मी म्हणलं, "म्हंजी अख्खी एमआयडीसी तुला आडवी येत न्हाई, आन् माझा एक बल्ब येतो?"

"व्हय, काकू."

खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. मंग दिवाळीचा बल्ब आठवला आन् कपाळाला हात लावला. "त्यो पांढरा लावू का गोठ्यात?"

"त्यानं थोडा फरक पडंल, पण भागायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या. देव आता उजळलेत."

"आरं मुडद्या, मंग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं? काकू, बल्ब बंद करा. चार शब्द!"

"आन् बल्ब बंद केल्यावर हौशीला नेली तर?" त्यो म्हणला. "माझ्या ढगाला कोण उचलून नेत न्हाई, काकू. त्यो हाय तिथंच हाय."

"त्यो तिथंच हाय," आसमीन म्हणली, "पण समोरचं मंगल कार्यालय बी हितंच हाय ना."

रोडच्या पलीकडं मंगल कार्यालय उठत व्हतं. स्लॅब पडला व्हता, कमान झाली व्हती, आन् आता लॉनच्या चारी कोपऱ्यांना उंच खांब उभे करून त्यांच्यावर मोठमोठे दिवे चढवत व्हते. माघात पहिलं लग्न. ते दिवे सरळ महबूबच्या अंगणात पडणार, आन् तेवढा उजेड कुठल्या चाळणीला ऐकायचा न्हाई. नळी उचलून डोंगरावर न्यावी, तर खांब सिमेंटात, ड्युटी पाळीची, आन् घरात एक मोटारसायकल. ह्या पौषात ढग पुरा झाला तर झाला. न्हाईतर करडं पान.

मी म्हणलं, "आजपासनं बल्ब बंद."

"न्हाई, काकू."

"माझा बल्ब हाय."

"पण गाय गाभण हाय."

"गाय बी माझीच हाय!"

आमचं ह्यावर चांगलं भांडण झालं. असं उलटं भांडण मी आयुष्यात केलं न्हवतं. शेवटी मीच विचारलं, "नळी चालू असताना तू काय करतोस?" म्हणला, काय न्हाई, मशीन आपलं आपण चालतं, मी बसतो. "मंग तिथं बसायच्या जागी माझ्या गोठ्यात बस. बल्बाच्या जागी तू."

तसं ठरलं. पडदा निघाला, दूध चालू झालं, जेवढं उरलं व्हतं तेवढं. महबूबला रातपाळी नसंल त्या दिवशी, दिवस मावळला की मी बल्ब बंद करायची आन् महबूब काठी घेऊन गोठ्यात यायचा. कपाळाला लाल बॅटरी. पांढऱ्या उजेडानं म्हणे अंधाराची सवय मोडते. बिबट्याला माणसाचा आवाज पाहिजे, म्हणून मी म्हणलं बोलत ऱ्हा. आता एकटा माणूस काय बोलंल? कंपनीत रोज शिफ्टच्या आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेची शपथ म्हणायला लावतात, ती त्याला तोंडपाठ. तीच त्यो मोठ्यानं म्हणायचा. हेल्मेट घालीन, नियम पाळीन, स्वतःला आन् सहकाऱ्यांना इजा होऊ देणार न्हाई. संपली की परत पहिल्यापासनं. हौशी रवंथ करत ऐकायची. बिबट्या एकदा पण आला न्हाई. मी बिबट्या असते तर मी पण आले नसते.

कधी मी पण तिथं जाऊन बसायची. एकदा विचारलं, एवढे फोटो एकावर एक ठेवून न दिसणारं दिसतं कसं? त्यो सांगायला लागला आन् अडकला. मंग हौशीकडं बघून म्हणला, "काकू, एक धार काढली तर चरवीत काय दिसतं?" मी म्हणलं, काय न्हाई, बुड ओलं होतं. "मंग धारा काढत ऱ्हायचं." एवढं मला लगेच कळलं.

चंद्र मोठा झाला की काम बंद. चंद्र ह्या माणसाला फक्त ईदला चालतो, एरवी त्याच्या नावानं बोटं मोडतो. पौषात खरे ढग आले, ते पावसाचे न्हवते, नुस्ते रिकामे. तवा महबूब आभाळाकडं असा बघायचा की आप्पाला त्याची दया आली. आप्पा म्हणला, "ढग आला की ह्याचा ढग जातो. अवघड हाय."

आता शेवटच्या रात्रीचं. पौषातली अवस. दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयाचे दिवे लावून बघणार व्हते आन् मंग ते कायमचेच. महबूब म्हणला व्हता, "आजची रात्र धरली की पुरा होतो, काकू." कंपनीत हातापाया पडून सुट्टी घेतली व्हती. आभाळ लख्ख. दिवेलागणीला मी बल्ब बंद केला, जेवले, आन् ताट धुतेय तोवर गोठ्यातनं शपथ बंद झाली. "काकू, या जरा."

हौशी खाली बसली व्हती, अंग टाकून. दिवस अजून भरायचे व्हते, पण गाय काय क्यालेंडर बघून वीत न्हाई. पिशवी फुटली व्हती आन् एकच पाय बाहेर. दुसरा आत दुमडलेला. ढोरांच्या डॉक्टरला आसमीननं फोन लावला, त्यो दौंडच्या पलीकडं दुसऱ्या गाईपाशी. मी हाताला कोपरापर्यंत गोडंतेल चोळलं.

महबूब उठला. "लाईट लावतो."

"बटणाला हात लावशील तर बघ! आजचीच रात्र हाय ना तुझी? माझ्या सासूनं कंदिलावर गाई सोडवल्यात. ती बॅटरी धर हिकडं."

त्यानं लाल बॅटरी धरली. मी हात आत घातला. गुडघा हाताला लागत व्हता, पण वळंना. हौशी कण्हत व्हती. माझ्या हातावरनं, मनगटावरनं काय तरी गरम वाहायला लागलं, धो धो. मी हात बॅटरीपुढं धरला. आन् काय बघते, लाल उजेडात लाल दिसतच न्हाई. रक्त असू दे न्हाईतर पाणी, सगळं सारखंच, नुस्तं ओलं चकाकणारं. गायीचं रक्त चाललं असंल तर येगळं करायचं, पाणी असंल तर येगळं. माझा हात थांबला.

महबूबनं विचारलं, "रक्त हाय का, काकू?"

"कळंना रं."

त्यानं बॅटरी आसमीनच्या हातात दिली, मेढीपाशी गेला आन् बटण दाबलं.

पाणी व्हतं. नुस्तं पाणी. मी त्याला अशा शिव्या दिल्या की आसमीननं कान झाकले. पण आता उजेड झालाच व्हता. मी गुडघा मागं लोटला, खूर मुठीत धरला, पाय सरळ केला. महबूबनं दोन्ही पाय धरले, हौशीनं जोर दिला की त्यानं ओढलं, आन् वासरू बदकन त्याच्या मांडीवर. कालवड. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्या नाकातोंडात सगळं गेलं तरी त्यो हसत व्हता.

"आता बंद करू?" मी विचारलं. त्यानं मान हलवली. बरोबरच व्हतं त्याचं. वासाला बिबट्या यायला वेळ लागत न्हाई, आन् जार, वासरामागनं पडते ती वार, पडायची बाकी व्हती. बल्ब उजाडंस्तवर जळला. पलीकडं नळी आपली कृत्तिकांच्या मागं मागं सरकत व्हती, आन् क्यामेरा माझ्या बल्बाचे फोटो काढत व्हता.

तवा मला रडू आलं. हौशी सुटली म्हणून न्हाई. ह्या येड्यानं बटण दाबायच्या आधी निदान एकदा नळीकडं बघावं का न्हाई? ते पण बघितलं न्हाई, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयाचे दिवे लागले. आता आमच्या अंगणात रात्री सुईत दोरा ओवता येतो. आसमीन बाहेर बसून शिवते. महबूबनं नळी पुसून पेटीत ठेवली. खांबावर आता खरंच तुळशीची कुंडी हाय. मीच ठेवली, मोकळा खांब बघवंना म्हणून. आसमीन पाणी घालते.

हातात व्हते तेवढे फोटो त्यानं एकावर एक ठेवले आन् दौंडातनं मोठा करून चौकटीत घालून आणला. मला दाखवायला आला. काळ्यावर लांबडं, तांबडं, फाटलेलं, ओलसर कायतरी. मी म्हणलं, "अगं बाई, ही तर जार!"

आसमीननं पदर तोंडात घातला. महबूबनं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणला, "बरोबर वळखलं, काकू. असल्याच ढगातनं चांदण्या जन्मतात."

एका कडंला त्यो फोटो दाणेदार हाय, अर्धाकच्चा भात असतो तसा. मी बोट ठेवलं. त्यो म्हणला, "एक रात्र कमी पडली." एवढंच. तक्रार न्हाई, काय न्हाई.

मंग त्यानं पिशवीतनं दुसरी चौकट काढली. तेवढीच मोठी, तशीच काच. आत नुस्तं पांढरं. एक ठिपका न्हाई, एक रेघ न्हाई. मी उलटी करून बघितली, मागं पण काय न्हाई.

"ह्यो कशाचा?"

"कालवडीचा. ती जन्मली त्याच वेळचा हाय बरोबर."

"ह्यात कालवड कुठंय?"

"नळी वर बघत व्हती, काकू. नुस्ता उजेड आला."

दोन्ही फोटो मी गोठ्यात लावलेत, मेढीच्या दोन्ही अंगाला, मधी बल्ब. तांबड्या फोटोचं कुणी फार विचारत न्हाई, लोकांना ते कसलं तरी औषधाचं क्यालेंडर वाटतं. पांढऱ्याचं सगळे विचारतात. परवा खंडू आला व्हता बायकोला घेऊन. म्हणला, "काकी, कोऱ्या कागदाला चौकट कशाला घातलीस? आन् त्या महबूबला एवढे फोटो काढता येतात, पण माझ्या साखरपुड्यात एक काढला न्हाई. माणसाचा फोटो काढतच न्हाई म्हणे."

मी म्हणलं, "काढलाय की एक. त्योच त्यो. महबूबचा हाय, बटण दाबतानाचा."